बाबूजींचा काळा मग

ज्या दसऱ्याला आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, त्याच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या कचेरीत वाटणीचेच होते. कपाटं, मिसली म्हणजे फायली, खुर्च्या आणि माणसं, सगळ्यांच्या याद्या लागल्या. आमचे सुपरिंटेंडंट बेल्लमपल्लीला, म्हणजे नव्या जिल्ह्यात गेले. त्यांना आम्ही बाबूजी म्हणायचो. पंधरा वर्षांत मी त्यांना हसताना एकदाच पाहिलं होतं.

निरोपाला फोटोचा मग द्यावा, ही कल्पना माझी. पण हसरा फोटो आणायचा कुठून? त्यांच्या बायकोला फोन केला, तर त्या म्हणाल्या, "बाई, आमच्या लग्नाच्या फोटोतबी हे हजेरी द्याले आल्यासारखे उभे आहेत."

शेवटी आमच्या दफेदारानं, म्हणजे शिपायांच्या मुकादमानं, आपल्या मोबाइलमधून एक फोटो शोधून काढला. कुंतालाच्या धबधब्यावर कचेरीची सहल गेली होती तेव्हाचा. बाबूजी शेवाळावरून घसरून पाण्यात बसलेत, अंगात बनियन, डोक्यावर टॉवेल, आणि बत्तीसच्या बत्तीस दात बाहेर.

"हा द्यावा का?" मी विचारलं.

"हसून राह्यले ना? अजून काय पाह्यजे?" दफेदार म्हणाला.

बसस्टँडजवळच्या दुकानातली तेलुगू बाई फोटो पाहून पोट धरून हसली. तिनं एक काळा मग दाखवला आणि म्हणाली, "वेडि नीळ्ळु पोस्ते फोटो वस्तुंदि." माझं तेलुगू यथातथाच. ती मला वेडी म्हणते आहे असं वाटून मी तोंड फुगवलं, तेव्हा तिनं थर्मासमधलं गरम पाणी मगात ओतून दाखवलं. काळा रंग विरला आणि आतून कुणाच्या तरी बाळाचा फोटो वर आला. तेलुगूत 'वेडि' म्हणजे गरम. मी लगेच तसाच मग बनवायला टाकला.

समारंभात मीच त्यात चहा ओतणार, असं ठरलं होतं. पण भाषणं लांबली आणि खाली जीपवाला हॉर्न वाजवायला लागला. बाबूजींनी उभ्याउभ्याच खोका उघडला. तो काळा मग उलटासुलटा करून पाहिला.

"काळा?" एवढंच म्हणाले आणि जिना उतरले.

मी मागे धावले. "बाबूजी, गरम चहा घाला!"

"आत्ताच घेतला ना!" म्हणत ते जीपमध्ये बसले.

आठवडाभरानं त्यांनी एका मिसलीसाठी फोन केला आणि शेवटी म्हणाले, "पंधरा वर्षं तुमच्यासंग काढले, अन् सनासुदीले तुमी मले काळं भांडं देल्लं. काऊन?" खरं सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण नव्या कचेरीत त्यांनी तो टेबलावर पेनं ठेवायला घेतलाय, हे ऐकून मी गप्प बसले. तिथं त्यांचा दरारा बसला होता, आणि तो दरारा आणि त्या फोटोतले दात यांच्या मधे फक्त एक कप चहा होता.

थंडीत तिथं एक वरिष्ठ साहेब तपासणीला आले. कप कमी पडले. तिथल्या शिपायानं बाबूजींच्या मगातली पेनं काढली, तो विसळला आणि साहेबांना त्यातच चहा दिला. पुढचं बाबूजींनी मला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं.

"आधी माही बनियन आली. मंग टॉवेल. मंग दात. साहेब मगाकडे पाहे, माह्याकडे पाहे. मले वाटलं धरणी फाटावी. मंग साहेब विचारते, ये कौन है?"

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हनू? म्हनलो, साहेब, हा मीच आहो. जुन्या जिल्ह्यातला."

साहेबांना हसता हसता चहाचा ठसका लागला. तपासणीत तीन मिसली सापडत नव्हत्या, त्याचं पुढं काही झालं नाही म्हणे. मला मात्र बाबूजींनी फोनवर दहा मिनिटं झापलं. सरकारी माणसाचा बनियनवरचा फोटो, तोही ओला! मी प्रत्येक वाक्याला "चुकलं बाबूजी" म्हणत राहिले. दहा मिनिटांनी ते थांबले. "घासला तर निंगून जाईन का हो हा फोटो?"

"नाही जाणार."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी त्यांची बायको माझ्या दारात आली. त्यांचं बिऱ्हाड अजून इथंच होतं आणि बाबूजी सुटीला तो मग घरी घेऊन आले होते. "तोच फोटो माह्यासाठी एका मगावर करून द्या बाई," त्या म्हणाल्या. "पन साधा करा. हे असं घडीघडी चहा ओतून कोन पाह्यत बसन?"

आम्ही दोघी तशाच बसस्टँडकडे निघालो.