आत्याआजींचा ट्रक

तुमच्या आत्याआजींना कोणी “आता वय झालं” म्हटलं, की त्या हॉर्न वाजवायच्या. कीबोर्डावरचं एक बटण दाबलं, की गेममधल्या ट्रकचा भोंगा आमच्या हॉलमध्ये असा घुमायचा, की बोलणारा माणूस पुढचं वाक्य गिळूनच टाकायचा. आर्या, नील, तुमच्या जुन्या लॅपटॉपचं काय झालं असं तुम्ही फोनवर विचारता. त्याचं हे झालं.

त्या माझ्या थोरल्या नणंद. मी त्यांना वन्सं म्हणत असे. करमाळ्याजवळच्या शेतात त्या वाढल्या. घरात ट्रॅक्टर आला, तेव्हा स्टिअरिंगवर बसवलं गेलं ते त्यांच्या धाकट्या भावाला, म्हणजे तुमच्या आजोबांना. “बाळूचा पाय ब्रेकला पुरत न्हवता, माझा पुरत हुता,” वन्सं सांगायच्या. “तरी मी भाकरीची पाटी घिऊन मागं मागं.” हे सांगताना त्या आजोबांकडे बघून हसायच्या आणि आजोबा वर्तमानपत्र जरा वर धरायचे.

उतारवयात त्या आमच्याकडे राहायला आल्या. तुम्ही इथं ठेवून गेलेल्या लॅपटॉपवर नीलचा ट्रक चालवायचा गेम त्यांनी एकदा बघितला आणि मग सोडलाच नाही. त्यात एक घाट आहे. तो चढून वरच्या गावात माल पोचवायचा, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं. पण त्याच वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की मधली नजर जात राहणार. वेग कमी करता येईल, गेलेली परत येणार नाही. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर त्यांना रस्ता दिसेनासा झाला.

“आक्का, आता डोळ्यांना विश्रांती दे. भजनं ऐक,” आजोबा म्हणाले.

“ऐकायला कान हायतच की. डोळ्यानं जे बघायचं, ते आत्ताच बघाय पायजे.”

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन बाजारात गेल्या आणि दुकानातला मोठ्यातला मोठा मॉनिटर आणि एक सुटा कीबोर्ड घेऊन आल्या.

मॉनिटरवर रस्ता छान दिसू लागला, पण ट्रक लंगडू लागला. लॅपटॉपच्या पडद्यावर सुरळीत धावणारी गाडी मोठ्या पडद्यावर अडखळे. चित्र क्षणभर गोठायचं आणि सुटेपर्यंत ट्रक दरीत गेलेला असायचा. दुकानातला माणूस घरी येऊन बघून गेला. “आजी, लॅपटॉप जुना झालाय. नवा घ्या.”

“मीबी जुनीच हाय,” वन्सं म्हणाल्या. “मला कुटं बदलून आणतूस?”

मग आम्ही दोघीच बसलो. इंग्रजी वाचायचं काम माझं, गाडी त्यांची. माझा नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच ट्रक चालवून बघायचा. वन्संना ही शिस्त फार जाचायची. “शाळा घेऊ नगा, वैनी,” त्या पुटपुटायच्या, पण थांबायच्या. तेच चित्र दोन्ही पडद्यांवर उमटत होतं. आम्ही ते फक्त मॉनिटरवर ठेवलं. थोडा फरक पडला. मोठ्या पडद्यावर ठिपके चौपट, ते सगळे रंगवताना बिचाऱ्या लॅपटॉपला धाप लागत होती. गेममध्ये आणि मॉनिटरच्या सेटिंगमध्ये ते कमी केले. मग मॉनिटरचा वेगही सेकंदाला तीस चित्रांवरून साठवर नेता आला. ट्रक पळू लागला! पण अर्धा घाट चढला, की पुन्हा रुसायचा.

“पयल्यांदा पळतो अन् चढाला बसतो. बैल हाय का काय ह्यो?” असं म्हणत वन्संनी टेबलावर थाप मारायला हात उचलला आणि तो पडला लॅपटॉपवर. “अवो वैनी, ह्याला ताप आलाय की!”

चित्र फक्त मॉनिटरवर ठेवल्यापासून लॅपटॉपचं झाकण मिटलेलं असायचं, आणि आपल्या घरात मिटलेलं यंत्र उघडं कधी राहतं? मिक्सरवर, रेडिओवर असतं तसं वन्संनी स्वतः विणलेलं कव्हर त्याच्यावर चढलं होतं. खाली टेबलाला ओरखडे पडू नयेत म्हणून घडी घातलेली सोलापुरी चादर. पंखा आत गुदमरत होता.

कव्हर गेलं, चादर गेली, झाकण उघडलं. लॅपटॉपच्या खालून वारा जावा म्हणून मी स्वयंपाकघरातली भांडी निथळायची जाळी आणली आणि तो तिच्यावर ठेवला.

“आणि ताटं कुठं निथळायची?” आजोबांनी विचारलं.

“हातात धर की, बाळू,” वन्सं पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. “मी पाटी धरलीच की इतकी वर्सं.”

आजोबांनी वर्तमानपत्र वर धरलं नाही. ते खुर्ची ओढून बहिणीशेजारी बसले. त्या दुपारी ट्रक घाट चढून वरच्या गावात पोचला. वन्संनी एकदाच हॉर्न दाबला आणि बराच वेळ बोट उचललंच नाही.

पुढे मधली नजर गेलीच. त्या कडेकडेनं बघून गाडी हाकायच्या आणि मी शेजारी बसून वळणं सांगायची. ट्रक वारंवार कोसळायचा. “वन्सं, राहू द्या आता,” मी एकदा म्हणाले.

“का म्हणून? पडले तर माझी मी पडले. कुणी मला मागं तर न्हाई बसवलं.”

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. दिवस झाल्यावर आलेले नातेवाईक परतले आणि आजोबा हॉलमधल्या मॉनिटरकडे बघत म्हणाले, “हे आता कुणाला तरी देऊन टाकू. आपल्या वयाला काय उपयोग?” ते जाळी परत स्वयंपाकघरात न्यायला वाकले.

मी वन्संच्या खुर्चीत बसले. आयुष्यात मी सायकलसुद्धा चालवलेली नाही. चष्मा पुसला, गेम सुरू केला आणि हॉर्नचं बटण शोधून दाबलं.

“तूसुद्धा?” आजोबा म्हणाले.

“हो. आणि जाळी ठेवा तिथंच. लॅपटॉप तापतो.”