आशालताबाईंच्या कॉम्प्युटरमधलं कुंकू

मैना कर्नाळ्याच्या पायथ्याच्या कातकरवाडीतली. लहानपण वीटभट्टीवर गेलं, तरी आयटीआयचा दाखला काढलाच बाईने. बत्तिसाव्या वर्षी कामोठ्यात शैलेशच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात लागली. तीन महिने पारखायचं, मग कायम करायचं असं ठरलेलं. त्या दिवशी मुदत संपत होती. आज कायम, नाहीतर परत भट्टी.

नेमक्या आशालताबाई आपल्या कॉम्प्युटर-क्लासमधला एक कॉम्प्युटर घेऊन आल्या. पंखा फिरे, पडदा उजळे, पण पुढे काही सुरूच होईना. चूल पेटलेली आणि वर भांडंच नाही, तशी गत.

मैनाने आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली. चालली की! मग वायर बदलली, पेनड्राइव्ह लावला, सीडी घातली. छे! शेवटी टॉर्च धरून ती मदरबोर्डावर वाकली. एका चिपपाशी हिरवट गंज, त्यात कुंकू, आणि तांदळाचा एक दाणा.

"बाई, दसऱ्याला पूजा केलीवती का याची?"

"दरवर्षी करते. फुलाने पाणी शिंपडते, हळदकुंकू वाहते, अक्षता टाकते. का गं?"

"वरच्या जाळीतून पानी आत गेलंय. डिस्क बरी हाय, पन बोर्ड नवा लागल."

शहाण्या माणसाने दमट हवेवर ढकललं असतं. मैनाला कुठलं सुचायला! तिने आपलं खरं ते सांगून टाकलं.

"माझ्या पूजेने बिघडलं?" बाई कडाडल्या. "उंदीर भाजून खाणारी तुम्ही, तुम्हाला काय पूजा कळते? शैलेश, हिला हात लावू दिलासच कसा?"

शैलेशने दाणा डोळ्यांनी पाहिला होता. त्याने तो चिमट्याने उचलला आणि कचऱ्यात टाकला.

"हिचाच धसमुसळेपणा, बाई. बोर्ड मी बदलून देतो."

"शेट, तुमी बगितलंत ना?"

"बघितलं," तो तिला बाजूला घेऊन कुजबुजला. "मग? क्लासचे बारा कॉम्प्युटर आहेत बाईंचे. तुझे किती? उद्यापासून येऊ नकोस. आणि जाण्याआधी तेवढा बोर्ड बसवून जा, तुझा हात बारीक आहे."

मैनाने बसवला. स्क्रू-न्-स्क्रू नीट आवळला. कॉम्प्युटर सुरू झाला, तशा बाई शैलेशला म्हणाल्या, "देवासारखा धावलास रे!"

दिवाळी सरली. भट्टीचा टेम्पो वाडीत आला. मैना चढायला लागली, तसा मुकादम हसून म्हणाला, "या मॅडम, तुमचीच वाट बघत होतो."