लुगड्याचं दुसरं टोक

माझ्या सासूचं लुगडं आमच्या गॅलरीत मावत नसे. हैदराबादेत काचीगुड्यात स्टेशनजवळ आमचं घर, पहिल्या मजल्यावर. गॅलरी दहा-बारा फूट लांब आणि इतकी अरुंद की समोरून कोणी आलं तर एकीला भिंतीला चिकटावं लागे. नऊ वार लुगडं दुहेरी टाकलं की आतली बाजू ओली राही, आणि सासू वास येतो म्हणून ते माझ्या अंगावर फेकी. शेजारच्या घराची गॅलरी आमच्या गॅलरीला लागून होती. मधे फक्त कमरेएवढी भिंत. एक दिवस मी शेजारणीला विचारलं, तुझ्या खिळ्याला दोरी बांधू का. ती म्हणाली, "बांध की. रिकामाच आहे तो."

तेव्हापासून लुगडं एकेरी वाळू लागलं, अर्धं आमच्याकडे, अर्धं तिच्याकडे. दुपारी ते काढून आम्ही दोघी घडी घालायचो. एक टोक मी धरायचं, दुसरं तिनं. झटकायचं, ताणायचं, मग दोघींनी भिंतीपर्यंत यायचं, टोकाला टोक जुळवायचं आणि पुन्हा मागं जायचं. चार घड्या होत. तेवढ्या वेळात जे बोलणं होई तेवढंच आमचं बोलणं. ती दहावी शिकलेली, मी चौथी. ती पेपरात काय आलं ते सांगायची, मी सासूनं काय केलं ते सांगायची. माझ्या बातम्या जास्त चांगल्या असतात असं ती म्हणे.

तिच्या घरी अंबाडीची भाजी शिजली की वास सरळ आमच्या घरात येई. मी भिंतीशी जाऊन विचारायची, काय घातलंस. ती सांगे, मी तसं करून बघे. तसं कधी झालं नाही.

ती बौद्ध, परभणीकडची. आम्ही नांदेडकडचे शेतकरी. भाषा एक, भाकरी एक. पण माझी सासू त्या घरचं पाणी घेत नसे, आणि मीही घेत नव्हते. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं. चौदा वर्षं शेजारी राहून मी तिच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. सासूला मोतीबिंदू होता. तिच्या लुगड्याचं दुसरं टोक रोज कोण धरतं ते तिला दिसत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

मग तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, चष्मा आला, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी ती गॅलरीच्या दारात येऊन उभी राहिली. आमची शेवटची घडी चालली होती. सासूनं शेजारणीकडे बघितलं, लुगड्याकडे बघितलं, आणि मला म्हणाली, "ते पाण्यातून काढ पुन्हा."

बादली तिथंच होती. मी लुगडं बादलीत बुडवलं. आत मोरीत नेता आलं असतं, तेही नेलं नाही. दोनदा बुडवलं, पिळलं. शेजारीण भिंतीपलीकडे उभी राहून बघत होती. पिळून झाल्यावर मी वर बघितलं तेव्हा ती आत गेलेली होती. माझा हात कोणी धरून हे करून घेतलं नव्हतं. मी दोन लेकरांची आई होते, लहान नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी दोरी आमच्याच गॅलरीत बांधली. तिच्या खिळ्याला राहिलेली गाठ तिनं सोडली आणि दोरीचा तुकडा भिंतीवर ठेवून दिला. त्यानंतरही आम्ही बोलत होतो. नळ आला का, लाईट गेली का, असं. दोन वर्षांनी तिच्या नवऱ्याची मद्रासला बदली झाली. जाताना तिनं पत्ता लिहिलेला कागद दिला. मी दोन पत्रं लिहिली, मला वेळ लागतो लिहायला. नंतर फोन आले. तीस-पस्तीस वर्षं आम्ही फोनवर बोललो. गुडघे, नातवंडं, नवऱ्यांची आजारपणं, मग त्यांचं जाणं. लुगड्याचं एकदाही नाही. मी म्हणायची, पुढच्या वेळी बोलू. आता तिला ऐकू कमी येतं. फोनवर निम्मं पोचतं, निम्मं नाही.

मागच्या थंडीत तिच्या मुलीचा फोन आला. आईला पंच्याहत्तर पूर्ण झाली, तिला जहाजातून फिरवायचं ठरवलंय, तीन दिवस समुद्रात जाऊन परत यायचं. "आई म्हणते, काचीगुड्याची बाई येत असेल तरच येते." माझा मुलगा म्हणाला, "आई, तू तर टँकबंडच्या तलावात नावेत बसायला घाबरतेस." मी म्हटलं, तू गप बस. बॅग भरताना सासूचं एक लुगडं राहिलेलं होतं ते घेतलं. सासू जाऊन पंचवीस वर्षं झाली. बोलायला सुरुवात कशी करायची ते मला सुचत नव्हतं, म्हणून घेतलं.

नातीला बरोबर घेऊन मद्रासला गेले. जहाज म्हणजे आमच्या इमारतीसारख्या वीस इमारती एकावर एक ठेवल्यासारखं. मी आणि नात एका खोलीत, शेजारीण आणि तिची मुलगी बाजूच्या खोलीत. दोन्ही खोल्यांना समुद्राकडे छोटी बाल्कनी, मधे माणसाहून उंच पांढरी फळी. खोल्या साफ करणारा माणूस आला, तिच्या मुलीनं त्याला सांगितलं, त्यानं किल्ली लावून ती फळी दारासारखी उघडली आणि भिंतीला अडकवली. फळीमागं शेजारीण उभी होती. केस पूर्ण पांढरे, कानात यंत्र.

ती म्हणाली, "लई वाळलीस गं."

मी म्हटलं, "तू फुगलीस."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी बाथरूममध्ये लुगडं धुतलं. नात ओरडली, "आजी, इथं लाँड्री आहे!" मी ऐकलं नाही. लुगडं घेऊन बाल्कनीत आले आणि कठड्यावर टाकायला लागले. शेजारीण खुर्चीत बसली होती.

"कुणाचं हे?"

"तिचंच."

"म्हातारी गेली तरी धुवायलीस?"

तेवढ्यात तो साफसफाईचा माणूस आला. म्हणाला, "अम्मा, रेलिंग पे कपडा डालना मना है. उड जाएगा."

शेजारीण उठली, लुगड्याचं एक टोक हातात घेतलं आणि त्याला म्हणाली, "डाल नई रहे. पकड रहे."

तो डोकं खाजवत गेला. आम्ही लुगडं दुहेरी करून दोन टोकांना उभ्या राहिलो, ती तिच्या बाल्कनीत, मी माझ्या. वारा इतका की लुगडं शिडासारखं फुगलं. अर्ध्या तासात वाळलं. हात भरून आले, पण दोघींपैकी कोणी सोडलं नाही.

मग घडी. पहिल्या घडीला ती जवळ आली तेव्हा मी म्हटलं, "त्या दिवशी मी हे पाण्यात बुडवलं."

"काय?"

"बुडवलं! तुझ्यासमोर!"

वरच्या बाल्कनीतून एक बाई वाकून बघायला लागली.

"ओरडू नको," शेजारीण म्हणाली. "मी तिथंच होते."

"चुकलं माझं."

"हौ. चुकलं."

आम्ही मागं गेलो, पुन्हा जवळ आलो. तेव्हा ती म्हणाली, "पिळलंस पण किती जोरात. जसं मीच होते त्यात."

मी काठ जुळवले. तिसऱ्या घडीला मी सांगितलं की तिचं जुनं घर सध्या रिकामं आहे, मालक ओळखीचा आहे, महिनाभर राहायला ये. हेच मला हवं होतं. हेच मागायला मी एवढ्या लांब आले होते.

"त्या गॅलरीत मी नाही येत," ती म्हणाली. "चौदा वर्षं उभी राहिले तिथं. तू माझ्या घरात किती वेळा आलीस?"

"एकदाही नाही."

"मग आता तू ये. जेवायला ये. अंबाडी करते."

चौथी घडी झाली तेव्हा लुगडं तिच्या हातात होतं. मी हात पुढं केला. तिनं ते काखेत धरलं. "हे राहू दे माझ्याकडं. न्यायला ये," म्हणाली, आणि खोलीत गेली.

चौथ्या दिवशी सकाळी जहाज परत लागायच्या आधी त्या माणसानं फळी लावून किल्ली फिरवली. पलीकडून तिनं दोनदा ठोकलं. मीही ठोकलं. खाली उतरल्यावर मी नातीला म्हटलं, आधी हिच्या घरी जाऊ, जेवू, मग निघू. नात म्हणाली, "आजी, घर त्यांचं खूप लांब आहे, आपली ट्रेन जाईल, मला उद्या ऑफिस आहे." आणि मी ऐकलं. त्या दिवशी सासूचं ऐकलं, आज नातीचं. शेजारीण गाडीत बसली. लुगडं तिच्या पिशवीत होतं, काठ बाहेर दिसत होता.

याला आठ महिने झाले. मद्रासची गाडी दुपारी काचीगुड्यातूनच सुटते. गॅलरीत बसलं की पुकारणं ऐकू येतं, आधी तेलुगूत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. तीन वेळा ऐकून मी उठते आणि कपडे काढते. माझ्या साड्यांची घडी एकटीला घालता येते. शेजारच्या गॅलरीत आता नवीन भाडेकरूंचं एसीचं यंत्र आहे, ते दिवसभर घरघरतं.

मुलगा म्हणतो, दिवाळीनंतर बघू, सोबत कोणीतरी पाहिजे. काल मी तिला फोनवर तेच सांगितलं. "दिवाळीनंतर येते."

"काय?"

"दिवाळीनंतर!"

"काय म्हणालीस?"

तीनदा सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "मला ऐकू येत नाही. येऊन सांग," आणि फोन ठेवला. तिला ऐकू आलं होतं. मला तिचा आवाज कळतो.

आज सकाळी नातीला उठवून सांगितलं, या रविवारचं तिकीट काढ, एकीचंच. ती म्हणाली, "पप्पांना विचारू?" मी म्हटलं, नको विचारू. स्टेशन घरापासून चार मिनिटांवर आहे. गुडघे धरून दहा मिनिटं लागतील.