शिवलेली पानं

चांगुणाकाकूंनी सोनाळ्याच्या एका वाचनालयात बावीस वर्षं झाडू मारला आणि फाटकी पुस्तकं शिवली. काम सुटलं तेव्हा रद्दीत निघालेली दोन पेट्या पुस्तकं त्या घरी घेऊन आल्या. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी आम्ही गल्लीतल्या सात-आठ जणी त्यांच्या ओसरीवर जमतो. कुणी मेथी निवडते, कुणी शेंगा फोडते, आणि काकू मोठ्यानं वाचतात. परक्याला आपलं करणाऱ्यांच्या, हिंमत धरणाऱ्यांच्या, सुटलेल्या घराकडे परत जाणाऱ्यांच्या गोष्टी.

काकूंना एक खोड होती. शेवट वाईट असला की शेवटची पानं त्या दोऱ्यानं पक्की शिवून टाकत आणि चांगला शेवट मनानंच रचून, पुस्तकात पाहत सांगत. बायांना वाटे, जुनं पुस्तक आहे, पानं गळू नयेत म्हणून टाके घातलेत. मी शेजारीण, मला खरं ठाऊक होतं. एकदा विचारलंही.

"छाया, घरी रडतोच ना आपण?" त्या म्हणाल्या. "मंग अथी येऊन काऊन रडावं?"

मलाही ते पटलं. खोटं कशाला सांगू, ऐकायला गोड वाटायचं. त्या गोडीचा आता मला संताप येतो.

काकूंच्या मागच्या खोलीत काजल आणि हर्षल भाड्यानं राहतात. हर्षल विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरून देणाऱ्या दुकानात कामाला. काजल वडनेर भोलजीची. जातीबाहेर लग्न केलं म्हणून बापानं, निवृत्तीरावांनी, तिच्या नावानं दहावा घातला होता. जिवंत पोरीचा. डोकं भादरून, पंगत उठवून. सहा वर्षांत माहेरचा एक शब्द नव्हता. आईच्या आठवणीनं ती पोर जेवतानासुद्धा थांबायची.

फाल्गुनात काकूंनी पळून गेलेल्या एका मुलीची गोष्ट वाचली. बाप बोलावतो, मुलगी एकटीच जाते, बाप दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा असतो. पुढची चार पानं शिवलेली. काकूंनी सांगितलं की आईनं पोरीची ओटी भरली, बाप रडला. काजलनं ते पुस्तक दोनदा घरी नेलं.

मागच्या गुरुवारी सकाळी ती नवं लुगडं हातात घेऊन ओसरीवर आली. आईसाठी घेतलं होतं.

"काकू, बाबाचा फोन आल्ता. माय लय बिमार हाये म्हणे, मलेच बलावून राह्यली. दहाच्या गाडीनं जाऊन राह्यली मी."

"हर्षल येते ना संगं?"

"नाही. एकटीच ये म्हणे, अन् तिकडं कोणालेच सांगू नको. तो कामावर गेला, त्याले नाही सांगतलं."

"मायशी बोलली तू?"

"झोपेल होती म्हणे." काजल हसली. "मले भेवच वाटत होता, काकू. पण त्या पोरीनं हिंमत केली म्हणूनच तं बापानं घरात घेतलं ना तिले?"

 काजल पाया पडून गेली. काकू खांबाला टेकून बसल्या, चेहरा पांढराफटक. मग उठून त्यांनी पेटी उपसली आणि ते पुस्तक काढून माझा हात धरला. "चाल."

स्टँडवर गाडी लागलेली होती. काजल खिडकीशी बसली होती, मांडीवर लुगड्याची पिशवी. काकूंनी तिला खाली उतरवलं, दातांनी दोरा तोडला आणि तिथंच वाचायला लागल्या. बापानं पाणी दिलं. मुलगी आत गेली आणि आईला हाका मारू लागली. आई घरात नव्हतीच. तीन दिवसांआधी तिला बहिणीकडे नेऊन सोडलं होतं. मागचं दार भावांनी लावून घेतलं. पुढच्या ओळीवर काकूंनी नुसतं बोट ठेवलं.

"तुमी तं येगळंच वाचलं होतं," काजल म्हणाली.

"मी खोटं वाचलं, माय. पाप झालं माह्या हातून."

"मले अडवाले आता बनवून सांगून राह्यल्या तुमी."

काकूंनी पुस्तक तिच्या हातात दिलं. काजलनं उभ्याउभ्या ते पान वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कंडक्टरनं घंटी मारली. ती चढली नाही. तिची मावशी मोताळ्याला असते. सहा वर्षांत तिथं फोन करायचा धीर तिला झाला नव्हता. आता तिनं नंबर लावला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"हॅलो, कोन?"

आवाज मावशीचा नव्हता. काजलनं विचारलं, "माय?"

"काजल? माही काजल?" पलीकडून आई म्हणाली.

"माय, तू बिमार हायेस ना?"

"मले काय झालं? चांगली तं हावो. तुह्या बाबानं सोमवारीच अथी आणून सोडलं, काऊन ते नाही सांगतलं." मग आवाज एकदम खाली गेला. "काजल, तू घरी नको जाऊ. कोणं बी बलावलं तरी नको जाऊ."

फोन तुटला. गाडी निघून गेली होती. काकू धुळीतच बसल्या आणि काजलचे पाय धरू लागल्या; मी त्यांना उठवत होते, तेवढ्यात फोन परत वाजला. बाबा, असं नाव आलं होतं. काजलनं तो उचलून पुन्हा मोठ्या आवाजावर ठेवला.

"गाडीत बसली का, बाई?" निवृत्तीराव मायेनं विचारत होते. "नसन भेटली तं रायू दे. सोनाळ्याचं घर पायलं आमी. घ्याले येतो."