साइटवर भेटू

माझ्या थोरल्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मी जवळजवळ मोडलं, आणि तेही विज्ञानाच्या मदतीनं.

तेव्हा मी वर्ध्याला कॉम्प्युटर क्लासला जायचो, त्यामुळे अख्ख्या देवळीत इंटरनेटचा जाणकार मीच. (असं माझंच मत होतं.) रविवारच्या पुरवणीत वाचलं होतं, की लवकरच डोळ्यांवर एक चष्मा चढवायचा, की माणूस घरबसल्या इंटरनेटवरून दुसऱ्याच्या घरात! व्हर्च्युअल रिॲलिटी! एस्ट्या भंगारात! पानठेल्यावर हे मी अशा थाटात सांगायचो, जसा काही चष्मा माझ्याच खिशात आहे.

अशात ताईला हिंगणघाटचं स्थळ आलं.

"पाव्हणे घरी कायले आणता?" मी बाबांना म्हणालो. "नेटवरच पाहून घेतीन."

"अन् चहा?" आईनं विचारलं.

"पुढं थोही नेटवरून जाईन. वासासकट."

"मंग कपबशा कोन धुईन?"

याचं उत्तर पुरवणीत नव्हतं. पण ताईला आधी दोघांनी नापसंत केलेलं, पाहुण्यांपुढे पुन्हा जाऊन बसणं तिच्या जिवावर आलं होतं. "करू द्या त्याले," ती म्हणाली. मी लगेच मुलाच्या वडिलांना फोन लावला.

"काका, घरी नका येऊ. रविवारी अकराले सरळ साइटवर भेटू."

"साइटवर? बेस झालं मंग," काका म्हणाले. एवढा आधुनिक माणूस मी पाहिला नव्हता.

रविवारी आम्ही सहकुटुंब वर्ध्याच्या सायबर कॅफेत. मी ऐटीत चष्मा मागितला. "चष्मा नाई भाऊ, हेडफोन आहे," मालक म्हणाला. तो ताईच्या गजऱ्यावर बसवला. कॅमेरा सुरू झाला, पडद्यावर माणसं दिसली. आईनं डोक्यावर पदर घेऊन नमस्कार केला. समोरूनही नमस्कार आला.

"पाव्हणीन तं माह्यावानीच दिसते," आई म्हणाली.

पडद्यावर स्वतःलाच पाहत आम्ही तासभर बसलो. ताईचे डोळे भरले. "न पाह्यताच नापसंत केलं मले." मला तिच्याकडे बघवेना. बाबांनी तावातावानं हिंगणघाटला फोन लावला, तर मुलाची आजी म्हणाली, "थे तं सकाळीच गेले ना तुमच्या साइटवर!"

मुलाचे वडील बांधकामाचे ठेकेदार. आणि देवळीत आमच्या नव्या घराचा स्लॅब नुकताच टाकलेला, हेही त्यांना ठाऊक. ठेकेदाराला साइट म्हणजे काय वाटणार, हे कळायला चष्मा लागत नव्हता. आम्ही देवळीला परतायला मिळेल ती एस्टी पकडली.

पोचलो तर कडक इस्त्रीतले पाहुणे भर उन्हात रेतीच्या ढिगावर बसलेले, आणि मुलगा पाइप घेऊन आमच्या स्लॅबवर पाणी मारतोय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमी काऊन पानी मारून राह्यले?" ताईनं खालूनच विचारलं.

"स्लॅब सुकून राह्यला होता. अन् तुमच्या घरचं कोनी दिसलं नाई."

रडवेली ताई खुदकन हसली. तोही हसला, आणि पाइपचं पाणी स्वतःच्याच बुटांवर सोडत राहिला.

"पोरगी पसंत आहे," काका बाबांना म्हणाले. मग माझ्याकडे एक नजर टाकली. "फकत लग्न कुठं आहे, थे तुमी सोता सांगजा."

लग्नात मला पंगतीत पाणी वाढायचं काम मिळालं. हातात जग देताना बाबांनी बजावलं, "कोनाले काही समजावून सांगू नोको. नुसतं पानी वाढजो."