नाक कापायचा खेळ

"ही घ्या. हिला मेकअपची पण गरज नाही."

मॅनेजर माझ्याकडं बोट करून म्हणाला. आमा पाच बायांना त्यानं हॉलमध्ये भिंतीला रांगेनं उभं केलं व्हतं. मला वाटलं, कुठल्यातरी रूममधनं काय हरवलंय. रिसॉर्टात काय हरवलं की पैलं साफसफाईच्या बायांनाच उभं करत्यात. पण त्याच्या शेजारी पुण्याचे एक सर व्हते, कंपन्यांच्या लोकांना ट्रेनिंग देणारे. त्यांना नाटकासाठी राक्षसीण पायजे व्हती.

सर हसले. रिसेप्शनची पोरगी हसली. रांगेतल्या बाया खाली बघाया लागल्या. आन मी बी हसले. काय करणार, सगळेच हसत व्हते.

मी आंदर मावळातली. बौद्ध. गाव धरणाच्या पाण्याच्या कडंला, एसटी कवा येती, कवा न्हाई. नवरा तळेगावला कंपनीत कंत्राटावर. आज काम हाय, उद्या न्हाई. मी लोणावळ्याच्या वर, डोंगरावरच्या रिसॉर्टात. आठवडाभर तितंच स्टाफच्या खोलीत ऱ्हायचं. सोमवारी रिसॉर्टची जीप खाली सोडायची. लोकलनं कान्ह्याला उतरायचं, पुढं वडापची जीप मिळाली तर ठीक, न्हाईतर चालत. पोरगी सासूकडं, तिसरीला.

कामाला लागले तवा मॅनेजरनं आडनाव इचारलं व्हतं. मग इचारलं, "गावात घर कुठल्या बाजूला?" मी सांगितलं. त्यानं नुसतं "अच्छा" केलं. त्या अच्छाचा अर्थ मला त्या दिवशी रांगेत कळला.

शनवारी दुपारी खेळ असायचा. कंपनीचे लोक हिरवळीवर खुर्च्या टाकून बसायचे. आधी सर बोलायचे. मी झाडाआड तोंड रंगवून उभी, म्हणून दर येळी ऐकायची.

"जुन्या महाकाव्यांमधला हीरो कसा असतो? मोठ्या कुळातला. देखणा. शूर. संकटाला पाठ न दाखवणारा. देव, गुरू, सगळे त्याच्या बाजूला. आणि समोर राक्षस. राक्षस नसेल तर हीरोला हीरो कोण म्हणणार? तुमच्या प्रत्येकाच्या आत असा एक हीरो आहे."

टाळ्या पडायच्या.

मला माझा बाप आठवायचा. एका पावसाळ्यात धरणाच्या पाण्यात गावातल्या मोठ्या घरची सून वाहून चालली व्हती. काठावर माणसं लय व्हती. उडी एकट्या बापानं मारली. तिला केसाला धरून काठाला आणली. पेपरात आलं, ग्रामस्थांनी महिलेला वाचवलं. बापाचं नाव न्हाई. बाप पेपर बघून म्हणाला, "वाचली न्हवं? झालं तर." त्याला झालं असंल. मला न्हाई झालं.

नाटक लय छोटं. राजकुमार रानात येतो. राक्षसीण आडवी येती. तो तिला बांधतो आन तिचं नाक कापतो. राजकुमार दर शनवारी कंपनीतला नवा कोणतरी. राक्षसीण मी. तोंडाला काळा रंग, डोक्यावर काथ्याचा टोप, नाकावर रबराचं लांब नाक गोंदानं चिकटवलेलं. मला एकच वाक्य: "कोण आहात तुम्ही?" तेवढं म्हटलं की राजकुमार तलवार काढायचा.

बांधायचं काम किसनभाऊंकडं. किसनभाऊ किचनमधले आचारी, कामशेतकडच्या शेतकरी घरातले. दोर आवळताना हळूच म्हणायचे, "सैल बांधलंय गं ताई. दुखलं तर सांग."

सैल असला तरी दोर दोरच. नाक कापून झालं तरी सोडायचे न्हाईत, कारण फोटो असायचे. एकेक जण येऊन प्लॅस्टिकची तलवार माझ्या तोंडाला लावून उभा ऱ्हायचा. गोंदानं कातडी जळायची, घाम डोळ्यात उतरायचा, पुसायला हात न्हाई. एकानं तलवारीचं टोक नाकावरनं गळ्यापतूर आणलं. गळ्यावरनं अजून खाली. लोक शिट्ट्या मारत व्हते. मी झाडाकडं बघत ऱ्हायले. तितं एक वानरीण पिल्लू घेऊन बसली व्हती. ती उठून गेली. मला उठता येत न्हवतं.

एकदा मॅनेजरला म्हटलं, "साहेब, दुसऱ्या कुणाला घ्या की."

तो म्हणाला, "रूम साफ करायला रांग लागलीय बायकांची. तुला ठेवलीय ती ह्यासाठी."

काय बोलणार? डोंगरावरनं खाली यायचा रस्ता एकच. गेट त्याचं, वॉचमन त्याचा, जीप त्याची. घरी गेलं तर चूल माझ्याच कामावर पेटती. हितं बी बांधलेली, तितं बी.

एका सोमवारी घरी आले तर पोरगी जवळ येईना. कोपऱ्यात दप्तर घेऊन बसलेली. नाक लाल झालेलं. सासू म्हणाली, "शाळंत पोरांनी तिचं नाक धरलं. राक्षशिणीची पोर म्हणत्यात."

कुणीतरी पाहुण्यानं त्या खेळाचा व्हिडिओ टाकला व्हता. फिरत फिरत तो गावात आला. रंगाखालनं बी माझी चाल, माझा आवाज गावानं वळखला.

जेवताना पोरगी म्हणाली, "आई, त्या बाईनं काय केलंवतं?"

"कुठल्या बाईनं?"

"जिचं नाक कापलं तिनं. चोरी केलीवती?"

"न्हाई."

"मग? मारलंवतं कुणाला?"

"न्हाई गं. ती रानात ऱ्हातीय. तो येतो. ती इचारती, कोण तुमी."

"येवढंच?"

येवढंच. इतके शनवार मी ते वाक्य म्हणत व्हते, आन माझ्या ध्यानात आलं न्हवतं. आपल्या रानात कोण शिरलं तर माणूस आधी हेच इचारणार. तिनं इचारलं आन तिचं नाक गेलं.

पुढच्या शनवारी सरांचं भाषण झालं. टाळ्या झाल्या. राजकुमार आला, काळा गॉगल लावलेला उंच गडी. मी म्हटलं, "कोण आहात तुम्ही?" त्यानं तलवार काढली. किसनभाऊ दोर घेऊन माझ्यामागं आले.

मी हात मागं केले न्हाईत.

"किसनभाऊ, दोर खाली ठेवा."

ते थांबले. मी त्या गड्याला म्हटलं, "कोण तुमी? इचारलंय मी. ह्ये रान माझं. आलाय तुमी. उत्तर द्या."

लोकांना वाटलं, खेळातलंच. टाळ्या वाजल्या. त्या गड्यानं गॉगल वर केला. "सर, हे स्क्रिप्टमध्ये आहे का?"

सर हसत पुढं आले. "मावशी, तुमची लाइन चुकली."

"चुकली न्हाई. हिनं काय केलं म्हणून हिचं नाक कापायचं, तेवढं सांगा. मग बांधा."

"अहो, ती राक्षसीण आहे."

"व्हय. पण केलं काय तिनं?"

सरांनी मॅनेजरकडं बघितलं. मागनं मॅनेजर वरडला, "किसन, बांध रे तिला!"

ते खेळातलं न्हवतं. ते सगळ्यांना कळलं. किसनभाऊंच्या हातात दोर तसाच. त्यांनी मान खाली घातली, पण पाय पुढं टाकला न्हाई. मी रबराचं नाक धरून वढलं. संगट कातडी निघाली, रक्त व्हटावर आलं. बागेच्या नळाला त्या सगळ्या लोकांसमोर मी तोंड धुतलं. रंग निघायला वेळ लागला.

मॅनेजरनं कामावरनं काढलं. जीप दिली न्हाई. घाटाच्या रस्त्यानं चालत खाली आले. नवरा म्हणाला, "आता खायचं काय?" त्याचं खोटं न्हवतं. दुसऱ्या तीन रिसॉर्टांत गेले. तिसऱ्यात इचारलं, "ती नाटक करणारी तूच ना?" सध्या लोकांच्या वावरात भात लावाया जाते. पोरगी शाळंत जाती. पोरं अजून चिडवत्यात. आता ती बी मारून येती.

काल किसनभाऊंचा फोन आला. मॅनेजरनं नवी बाई आणलीय. तळेगावजवळच्या घोरावाडीची. नवरा न्हाई, दोन लेकरं. येत्या शनवारपासनं खेळ पुन्हा चालू. सांगताना किसनभाऊंचा आवाज बारीक झाला व्हता. मी म्हटलं, "बांधणार तुमीच ना?" त्यांनी फोन ठेवला.

उद्या मी घोरावाडीला उतरणार हाय. तिचं घर हुडकीन. नोकरी सोड म्हणणार न्हाई. सोडल्यावर काय व्हतं ते मी भोगतीय. तिला सांगीन, ते तुला एकटी धरून बांधत्यात, तर एकटी जाऊ नगो. शनवारी मी येणार. रांगेतल्या त्या चौघींना बी निरोप धाडलाय. दोघी येतो म्हणाल्यात. आमी खुर्च्यांमागं न्हाई, तिच्या शेजारी उभ्या ऱ्हाणार. गेटवर अडवलं तर गेट हालवू. पोलीस बोलावले तर येऊ द्या पोलीस.

मला सरांच्या भाषणातला हीरो व्हायचं न्हाई. पण आमच्यातल्या एकीला बी आता बांधू देणार न्हाई.