गाळलेला टप्पा

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कोल्हापुरात आमच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन भरलं होतं, आणि माझ्या टेबलावर सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढे बारीक कृमी होते. दुपारी साठीची एक बाई आली. देवळात शिरावं तशी चप्पल बाजूला काढून, पदराला हात पुसून तिनं भिंगाला डोळा लावला.

मी सांगू लागले, "मावशी, यांच्या वाढीचे टप्पे ठरलेले असतात. आरएनएचे इवलेसे रेणू वेळेवर येतात आणि आधीच्या टप्प्याची कामं बंद पाडतात, म्हणून पुढचा टप्पा सुरू होतो. रेणू वेळेआधीच आला, तर मधला टप्पा गळतो आणि कृमी लवकर मोठा होतो. हा तसाच आहे."

"मधलंच गाळलं व्हय?" ती डोळा न काढता म्हणाली. "माझं बी तसंच झालं की. सातवीत हुते, तवा लगीन लावून दिलं. फुडल्या साली पोरगी कडंवर."

मी तिच्यासाठी स्टूल पुढं ओढलं.

"ह्येला परत माघारी न्हेता येतंय का?"

"नाही, मावशी."

तिनं भिंगावरून डोळा काढला. मग म्हणाली, "मग त्यो गाळलेला टप्पा असतोय तरी कसा, तेवढं दाव की."

मी भिंगाखाली दुसरी बशी ठेवली. तिच्यात त्या मधल्या वयाचे, नेहमीसारखे वाढणारे कृमी होते. मागं रांग वाढत होती, पण मावशीला हलवणं माझ्या जिवावर आलं.

"लई वळवळ करतंय की गं," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली.